दोन सुपाऱ्यांचा हेतू

काशीत वाद घालायला विषय लागत नाही, समोर माणूस लागतो. ढुंढिराजशास्त्र्यांकडे विषय पोत्यांनी होते आणि माणूस एकही उरला नव्हता. उभं आयुष्य त्यांनी न्यायशास्त्र शिकवलं. शेवटचा विद्यार्थी 'गुरुजी, बी.एड. करून येतो' असं सांगून गेला तो मिर्झापूरकडच्या कुठल्याशा शाळेत मुलांना कवायत शिकवू लागला. तेव्हापासून रामघाटावरच्या आपल्या घरात शास्त्रीबुवा पूर्वपक्षही स्वतःच मांडत आणि त्याचं खंडनही स्वतःच करत. त्यांच्या पत्नी, सीताकाकू, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "दोन्हीकडून तुम्हीच बोलता, तर आवाज कोणावर चढवता?"

अशा वेळी घरात पोकर आला. तो आणला वरच्या खोलीतल्या भाडेकरूने. विश्वजीत विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचा, परदेशात शिकताना हा खेळ शिकला होता आणि तो खेळायला त्यालाही माणसं हवी होती. त्याने सांगितलं, प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग मधोमध पाच पानं उघडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी जुळतील, त्याचा ढीग. दरेक टप्प्याला पैज लागते. समोरच्याने ती भरायची, वाढवायची, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं.

"आणि काकांना मी लिमिट पोकर शिकवणार आहे," विश्वजीत म्हणाला. "त्यात पैज केवढी लावायची ते आधीच ठरलेलं असतं. वाटेल तेवढी लावता येत नाही."

"म्हणजे मर्यादा आहे," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि तिथेच त्यांचं मन जडलं. ज्या खेळात माणूस एका झटक्यात सगळं पणाला लावू शकतो त्याची काय गत होते, हे महाभारतात वाचलेलं होतं. इथे फार तर दोन सुपाऱ्या जायच्या.

हो, सुपाऱ्याच. पुरोहितांच्या गल्लीत पैशाची चणचण असेल, पूजेच्या सुपाऱ्यांची कधी नसते. सीताकाकूंनी आधी हात जोडून विरोध केला. सुपारी म्हणजे गणपती, गणपतीची कोणी पैज लावतं का, असा त्यांचा सवाल होता. बुवांनी सिद्ध केलं की विसर्जनाच्या अक्षता पडल्या की गणपती स्वस्थानी जातो आणि मागे नुसती सुपारी उरते. काकूंनी ते मानलं नाही, पण डबा दिला. लग्नाला पन्नास वर्षं झाली की माणूस मानायचं थांबतो आणि द्यायचं चालू ठेवतो.

चौघांची बैठक जमली. तिसरे बाळूभाऊ, मूळचे वर्ध्याचे, बँकेत मॅनेजर होऊन इथेच निवृत्त झालेले, मुन्शी घाटाजवळ एकटे राहणारे. चौथा यज्ञेश, वेदपाठी, ज्याच्या एका हातात पत्ते आणि दुसऱ्या हातात यजमानांचे फोन वाजणारा मोबाईल असायचा. दर शनिवारी दुपारी जेवणं उरकली की सतरंजी पडायची.

पण खेळ हे निमित्त. खरी मजा डाव संपल्यावर. अवघड डाव झाला की शास्त्रीबुवा पत्ते पिसू द्यायचे नाहीत. सगळ्यांची पानं उघडी मांडायची आणि सभा भरवायची. अमक्याने इथे पैज का वाढवली, तमक्याने तिथे का भरली, पूर्वपक्ष काय, उत्तरपक्ष काय. इंग्रजी शब्द त्यांना चालायचे नाहीत. पैज भरणं म्हणजे 'अनुसरण', वाढवणं म्हणजे 'वर्धन' आणि पानं टाकणं म्हणजे 'संन्यास'. डाव पाच मिनिटांत संपे, सभा चहा दोनदा गरम होईपर्यंत चाले.

या सभेचा त्यांनी एक नियम घातला होता, आणि तो न्यायशास्त्रातून सरळ उचललेला होता. कोणीही कोणालाही 'हेतू' विचारावा, म्हणजे अमुक चाल कशासाठी केली ते. हेतू खरा सांगावा. आणि जो गप्प बसेल तो हरला. वादात उत्तर न देणं हे निग्रहस्थान, तिथे प्रतिपक्षाने काही सिद्ध करायची गरजच उरत नाही.

एका शनिवारी बाळूभाऊंनी डाव चालू असतानाच विचारलं, "बुवा, हेतू मधातच विचारला तर चालते का जी?"

विश्वजीतने पत्त्यांआडून डोळे मोठे केले. पण बुवा त्या दिवशी फार खुशीत होते. "का नाही चालणार? हेतू खरा असेल तर तो सकाळी विचारा, सांजेला विचारा, काय फरक पडतो?"

"मग सांगा न जी. आत्ता पैज कायले भरली?"

आणि शास्त्रीबुवांनी सांगितलं. माझ्याकडे जोडी आहे परंतु लहान आहे, आपण थाप मारत असाल हे संभवतं परंतु फारसं नाही, तथापि ढीग मोठा असल्याने अनुसरण युक्त आहे. बाळूभाऊंनी सगळं मान हलवत ऐकलं, पुढच्या पानाला पुन्हा पैज लावली, त्याच्या पुढच्याला पुन्हा लावली आणि ढीग आपल्याकडे ओढला.

तेव्हापासून हेच चाललं होतं. ज्या खेळात तोंड बंद ठेवणं हीच अर्धी विद्या, तो खेळ काशीतला एक माणूस तोंड बंद ठेवणं हा पराभव समजून खेळत होता. सभेत शास्त्रीबुवांना कोणी हरवू शकत नव्हतं आणि डावात कोणीही हरवायचं. त्यांना त्याचं वैषम्य नव्हतं. "खरा हेतू सांगून जो हरतो, तो पानांमुळे हरतो," ते म्हणत. आणि बाळूभाऊ गल्लीच्या तोंडाशी दिसले की यांचा चेहरा उजळायचा, कारण साऱ्या बनारसमध्ये 'हेतू काय' असं त्यांना विचारणारा तेवढा एकच माणूस होता.

गोष्ट इथेच राहिली असती तर बरं झालं असतं. पण विश्वजीतने सभा मोबाईलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. ऐकणारे निघाले, आणि कुठले निघावेत तर पुण्याचे. प्रेमलाताई नावाच्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका होत्या, त्या दर सोमवारी प्रश्न पाठवत. बुवांचा एक सिद्धान्त त्यांना तोंडपाठ होता: हातात निदान एक जोडी, ढीग मोठा आणि भरायच्या फक्त दोन सुपाऱ्या, तर शेवटच्या पानाला कधी संन्यास घेऊ नये. दहा वेळा भरून नऊदा हरलात आणि एकदा जिंकलात, तरी तो एक ढीग नऊ वेळचं सगळं भरून काढतो. चुकून दोन सुपाऱ्या गेल्या तर ती लहान चूक, चुकून ढीग सोडला तर ती मोठी. "इतकं स्वच्छ आमच्या कॉलेजातही कोणी सांगितलं नाही," असं प्रेमलाताईंनी लिहिलं तेव्हा बुवांनी तो निरोप काकूंना दोनदा वाचून दाखवला.

मग फोन आला. प्रेमलाताईंच्या ज्येष्ठ नागरिक संघाची काशीयात्रा जानेवारीत निघत होती. बुवांनी उन्हाळ्यात पुण्याला येऊन आठवडाभर व्याख्यानं द्यावीत अशी सर्वांची इच्छा होती. सभागृह ठरलं होतं, शंभरावर श्रोते नक्की होते. "फक्त त्याआधी आम्ही तुमचा एक डाव प्रत्यक्ष बघू म्हणते," ताई म्हणाल्या. "म्हणजे काय, की आमच्याकडे काही लोक शंका काढतात. शिकवणाऱ्याला स्वतःला येतं का, असं विचारतात. पुणं आहे, तुम्हाला कल्पना असेलच."

बुवांना कल्पना आली. शंभर माणसं. हेतू, साध्य, दृष्टान्त, सगळं ऐकायला बसलेली शंभर माणसं. आणि त्यांच्या आणि यांच्या मध्ये उभे बाळूभाऊ.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सीताकाकू वाटाणे सोलत बसल्या होत्या. खिडकीच्या जाळीला एक माकड लटकलं होतं, त्याला त्यांनी लाटणं दाखवलं. "आज पण ते बाळूभाऊ विचारतील," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळं उगळून द्याल."

"मग काय गप्प बसू?"

"बसा की. थोडी देर गप्प बसल्याने कोणी मेलेलं ऐकलं नाही मी."

"सीते, उत्तर न देणं म्हणजे निग्रहस्थान. हरणंच ते."

"आणि दर शनिवारी करता ते काय आहे?" काकूंनी सालं गोळा केली. "मी तर खोटं बोला असंही म्हणत नाही. त्यांना फक्त म्हणा, की डाव झाल्यावर विचारा. बस. नियम तुमचाच आहे ना?"

हा सल्ला बिनतोड होता. पण स्वतःचा नियम स्वतःच आखडता घेणं म्हणजे बाळूभाऊंसमोर कबूल करणं की इतके दिवस आपण मूर्खासारखे लुटले जात होतो. पंडिताला हरणं परवडतं, ते कळलं होतं असं दाखवणं परवडत नाही. बुवांनी सल्ला ऐकला आणि ठेवणीतला रेशमी मुकटा मागितला.

पुण्याची दहा-बारा मंडळी अहिल्याबाई घाटावर स्नानं उरकून, वाटेत दुधाच्या फेसाचा मलइयो खाऊन आणि तो 'श्रीखंडाच्या मानाने ठीक' असल्याचं ठरवून आली. कोणी सतरंजीवर, कोणी खुर्चीवर बसले. प्रेमलाताई मोबाईल उघडून अगदी समोर बसल्या. बुवांनी सुरुवातीला अर्धा तास मर्यादेचं माहात्म्य सांगितलं. लोक माना डोलवत होते, एकजण तर लिहून घेत होते. बुवांना वाटलं, हे असंच चालू राहिलं आणि पत्ते वाटलेच नाहीत तर किती छान होईल.

पत्ते वाटले गेले. आणि नेहमीचं सुरू झालं. बाळूभाऊंनी 'बुवा, हेतू?' विचारावं, बुवांनी सांगावं आणि सुपाऱ्या जाव्यात. पहिल्या वेळी पुणेकर हसले, त्यांना वाटलं ही शिकवण्याची पद्धत असेल. मग हसेनासे झाले. खुर्चीवरचे एक गृहस्थ शेजारच्याच्या कानात काही बोलले, आणि शेजारच्याने घड्याळ बघितलं. लिहून घेणाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. ते टोपणाचं 'टक' बुवांना फोडणीच्या तडतडीसारखं स्पष्ट ऐकू आलं.

मग तो डाव आला. बुवांना बदामची अठ्ठी आणि बदामची सत्ती मिळाली. मधली तीन उघडली: इस्पिकचा राजा, बदामची नव्वी, बदामची छक्की. हातात आत्ता काही नव्हतं, पण पुढे आणखी एक बदाम आलं तर पाच बदाम जुळत होते, दश्शी किंवा पंजी आली तर ओळीने पाच पानं. अशा पानांना पैज वाढवावी असं शास्त्र होतं. बुवांनी वाढवली. बाळूभाऊंनी वाढवली. बुवांनी पुन्हा वाढवली. यज्ञेशने एका यजमानाला 'अभी पूजा में हूँ' असं सांगून पानं टाकली, विश्वजीतनेही टाकली. ढीग चांगलाच उंच झाला. पुढचं पान किलवरची दुर्री, निरुपयोगी. बाळूभाऊंनी दोन सुपाऱ्या सरकवल्या, बुवांनी भरल्या. शेवटचं पान उघडलं: चौकटचा राजा.

म्हणजे मध्ये दोन राजे झाले, ते सगळ्यांचेच, आणि बुवांच्या हाती नुसती अठ्ठी राहिली. बाळूभाऊंनी पुन्हा दोन सुपाऱ्या पुढे केल्या.

इथे अनुसरणाचा प्रश्नच नव्हता. अठ्ठीने अनुसरण करणं म्हणजे प्रेताला जेवायला वाढणं. उरले दोन पक्ष. पानं टाकावीत, किंवा आपल्याकडे तिसरा राजा आहे असं भासवून पैज वाढवावी. पहिला पक्ष नेहमीचा होता. बुवांनी मान वर केली. प्रेमलाताईंनी मोबाईल मांडीवर उतरवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, दया होती, आणि ती पाहून बुवांना आतून चटका बसला. शेवटचा विद्यार्थी निघताना असाच चेहरा करून नमस्काराला वाकला होता.

त्यांच्या हाताने चार सुपाऱ्या उचलल्या, दोन भरायच्या आणि दोन वाढवायच्या, आणि पुढे ठेवल्या. वर्धन.

बाळूभाऊंनी मधली पानं बघितली, बुवांकडे बघितलं आणि शांतपणे, दर शनिवारसारखंच विचारलं, "बुवा, हेतू सांगा न जी."

गप्प बसलं तर हार. खरं सांगितलं तर हार. साऱ्या न्यायशास्त्रात तिसरी वाट नव्हती, आणि गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती.

"तिसरा राजा आहे माझ्याकडे," ढुंढिराजशास्त्री म्हणाले.

ना परंतु, ना तथापि. आयुष्यातलं त्यांचं सर्वांत छोटं विधान असावं ते. बाळूभाऊ क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली पानं पालथी सरकवली. "घ्या मग."

पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी ढीग ओढला. पण टाळ्या ओसरायच्या आत लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी टोपण काढून म्हटलं, "आता सभा. पानं उघडा."

बाळूभाऊंनी आपली उलटली. गुलाम आणि नव्वी. नव्व्यांची जोडी आणि मधले राजे, म्हणजे बऱ्यापैकी भारी हात. सगळे बुवांकडे वळले. आणि शास्त्रीबुवांनी एक गोष्ट केली, जी त्या सतरंजीवर कोणी कधी केली नव्हती. आपली दोन पानं उचलून त्यांनी गड्डीत खुपसली आणि गड्डी पिसायला घेतली.

विश्वजीतला आधी कळलं. मग यज्ञेशने फोन बंद करून खिशात ठेवला, जे तो अग्निहोत्रालाही करत नसे. प्रेमलाताईंना मात्र गणित छळत होतं.

"पण बाळूभाऊ, हे चुकलंच तुमचं," त्या म्हणाल्या. "ढीग एवढा मोठा, भरायच्या दोनच सुपाऱ्या. आणि हातात जोडी. बुवांचाच सिद्धान्त आहे, इथे संन्यास घ्यायचा नसतो."

"ताई, मी बँकेत होतो. गणित येते मले," बाळूभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पानांवर असतं तर भरल्याच असत्या दोन सुपाऱ्या. पण बुवा बोलले न. म्या त्यांच्या शब्दावर टाकली पानं."

"बुवा," प्रेमलाताईंनी हसून विचारलं, "मग काय होता हेतू?"

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं. पूर्वपक्ष सुचला, उत्तरपक्ष सुचला, दृष्टान्त तर पायलीचे पन्नास सुचले. यांपैकी एकही खरा नव्हता. त्यांनी तोंड मिटलं आणि पत्ते पिसत राहिले. दारात चहाचा ट्रे घेऊन सीताकाकू उभ्या होत्या. नवरा गप्प बसलेला त्यांनी प्रथमच पाहिला, आणि त्यांना वाटलं होतं तेवढं बरं काही वाटलं नाही.

पुणेकरांना काय झालं ते पायऱ्या उतरेपर्यंत कळलं, आणि कळल्यावर ते बेहद्द खूश झाले. संध्याकाळी प्रेमलाताईंचा फोन आला. सर्वानुमते ठरलं होतं की बुवांनी यायचंच, आणि तर्कबिर्क राहू दे, आठवडाभर एकच विषय घ्यावा: थाप कशी मारावी. "शंका काढणारेसुद्धा म्हणाले, माणूस पोचलेला आहे," ताई म्हणाल्या. "इतक्या चारित्र्यवान चेहऱ्याने खोटं बोलायला साधना लागते."

बुवांनी 'कळवतो' म्हणून फोन ठेवला. शंभर श्रोते मिळाले होते.

पुढच्या शनिवारी सतरंजी पडली. बाळूभाऊ येतील की नाही म्हणून शास्त्रीबुवा सकाळपासून आतबाहेर करत होते. बाळूभाऊ आले, वेळेवर आले, काकूंसाठी मिठाईवाल्याकडची लौंगलता घेऊन आले. रुसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पत्ते वाटले गेले. बुवांनी मुद्दाम एक विचित्र चाल केली, लहान जोडीवर पैज वाढवली, आणि वाट बघितली. बाळूभाऊंनी भरली. पुढच्या पानाला बुवांनी त्याहून विचित्र चाल केली. बाळूभाऊंनी मधली पानं निरखली, डोक्यात काही आकडेमोड केली आणि भरली. डाव बुवांनी जिंकला. त्यानंतरचाही जिंकला. त्या दुपारी बुवांसमोर इतक्या सुपाऱ्या साठल्या की काकूंना दुसरा डबा आणावा लागला.

डाव संपला की कोणी पानं मांडत नव्हतं. विश्वजीत सरळ गड्डी गोळा करायचा. मोबाईलही त्याने वरच ठेवला होता. बाहेर गंगेवरून कुठल्याशा नावेतलं भजन येत होतं, ते या घरात शनिवारी ऐकू येतं हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

शेवटी बुवांना राहवलं नाही. ढिगात दोन सुपाऱ्या टाकून ते म्हणाले, "बाळूभाऊ, ही पैज मी का लावली, ते विचारलं नाहीत."

बाळूभाऊंनी आपली दोन पानं किंचित उचलून पाहिली, पुन्हा पालथी ठेवली आणि मोजून दोन सुपाऱ्या पुढे सरकवल्या.

"असू द्या जी," ते म्हणाले. "पान उघडा."